हिरोने वापरून परत दिलेली पाठ

शाळेतून फोन आला तेव्हा भिंगवाली एका जाड काचेची कड घासत होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसायचं आणि फ्रेमच्या मापाने काचा घासून बसवायच्या, हे तिचं काम. म्हणून दुकानात काय, गल्लीत काय, सगळे तिला भिंगवालीच म्हणायचे. फोनवर तिच्या मुलीच्या वर्गाच्या बाई होत्या.

"तुमची मुलगी धडधडीत खोटं बोलते. आणि वर माफी मागायला तयार नाही."

काच बोटांतून निसटली, घासायच्या चाकाने तिचा कोपरा उडवला. गेली फुकट.

मुलगी सहा वर्षांची, एवढीशी आणि गोल, म्हणून घरात तिला बटण म्हणत. त्या दिवशी बाईंनी वर्गाला एक जुना सिनेमा लावून दिला होता. त्यातला हिरो बाईंचा फार लाडका. त्याचं नाव घेताना त्यांचा आवाजसुद्धा मऊ व्हायचा. हिरो पाठमोरा चालत गेला, त्याने घोड्यावर उडी मारली, आणि बटण बाकावर उभी राहून ओरडली, "बाई, ही माझ्या आजोबांची पाठ आहे!"

वर्ग हसून लोळला. मग बटणने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. जुन्या काळी हिरोंना फक्त पुढची बाजू असायची. मागून नुसते पोकळ, मुखवट्यासारखे. पाठ हवी असली की ती दुसऱ्याकडून मागून आणायची. या हिरोने आजोबांची नेली, ती घालून घोड्यावरून सतरा वेळा पडला आणि खराब करून परत दिली. म्हणून तर आजोबांना रोज गरम पाण्याच्या पिशवीने शेकावं लागतं. "दुसऱ्याची वस्तू मोडली की सॉरी म्हणायचं असतं ना, बाई? तो म्हणालाच नाही!"

बाईंनी ठरवलं, सॉरी बटणनेच म्हणायचं. 'मी खोटं बोलले' अशा पाच ओळी लिहून आणायच्या आणि सकाळी वर्गासमोर वाचायच्या.

पोकळ हिरोचं शास्त्र बटणचं स्वतःचं होतं, पण त्याचं बी पेरलं होतं आईनेच. एकदा आजोबांना शेकता शेकता ती वैतागून बोलून गेली होती, "त्या हिरोने वापरली हो यांची पाठ, आता आपण शेकत बसायचं."

घरी आल्यावर भिंगवालीने चपलासुद्धा काढल्या नाहीत. तिचे बाबा, म्हणजे बटणचे आजोबा, खुर्चीत पाठीशी पिशवी घेऊन बसले होते.

"कळला नातीचा पराक्रम?"

"सांगितलं तिने. लहान आहे गं. लिहून टाकेल. दोन दिवसांत विसरतील सगळे."

"मी विसरले?"

बाबांनी पिशवी उगाचच सरकवली.

ती सात वर्षांची होती तेव्हाही असंच झालं होतं. तिनेही वर्गात सांगितलं होतं, सिनेमात हिरोच्या जागी उड्या माझे बाबा मारतात. तेव्हाही बाबांना शाळेत बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात उभे राहिले आणि हसून म्हणाले, "कल्पनाशक्ती फार आहे हो पोरीला." पुढे शाळा संपेपर्यंत तिचं नाव थापाडी पडलं ते पडलंच.

"शब्द दिला होता मी," बाबा म्हणाले. "उड्या हिरोच मारतो असं लोकांना वाटलं पाहिजे, हीच तर अट होती. तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. तुम्हाला काय खाऊ घातलं असतं?"

"तेव्हाचं तेव्हा झालं. तुमचं काम सुटून वीस वर्षं झाली. तो हिरो जाऊनही बारा झाली. आता कुणाला घाबरताय, त्याच्या फोटोला?"

"शब्द म्हणजे शब्द."

"आणि माझा शब्द? तो खोटा पडला तर चालतो!"

तेवढ्यात बटण कागद घेऊन आली. "आजोबा, 'खोटं' कसं लिहितात?"

भिंगवालीने कागद ओढून घेतला.

"उद्या तुम्ही शाळेत येताय. आणि तेव्हा बोललात तेच बोलायचं असेल ना बाबा, तर येऊ नका. मग ही पिशवीही तुमची तुम्हीच भरा."

सकाळी ते आले. शर्ट इस्त्रीचाच. वर्गाच्या दारात थांबले, तेव्हा तिच्या वर्गाच्या दारात थांबले होते थेट तसेच.

"बोला आजोबा," बाई म्हणाल्या. "तुमचीच पाठ म्हणे ती?"

तीसजण खिदळले. बाबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. आता म्हणतील, कल्पनाशक्ती. आता म्हणतील. तिने बटणचा हात इतका घट्ट धरला की बटण कळवळली, "आई, दुखतंय."

"ते दृश्य लावता का?" बाबा शेवटी म्हणाले.

बाईंनी कपाळाला आठ्या घालत लावलं. पडद्यावर हिरो पाठमोरा निघाला. आणि इकडे बाबाही वळले, व्हरांड्यातून चालू लागले. उजवा खांदा किंचित खाली. तिसऱ्या पावलाला डाव्या हाताने कमरेचा पट्टा वर ओढला. पडद्यावर हिरोनेही तिसऱ्याच पावलाला ओढला. खिदळणं थांबलं.

"अय्या, सेम टू सेम!" पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी लाडकं उतरत होतं. भिंगवालीला त्यांची जराही दया आली नाही.

व्हरांड्याच्या टोकाशी बाबा थांबले. तिकडेच बघत म्हणाले, "नात खरं बोलली. आणि... हिची आईसुद्धा. तेव्हा."

एवढ्या वर्षांत तिने हे वाक्य किती वेळा मनात ऐकलं होतं. आणि आता ते असं आलं होतं, भिंतीला सांगितल्यासारखं.

"इकडे तोंड करून सांगा, बाबा!"

तिचा आवाज एवढा चढला की शेजारच्या वर्गातली पोरं दारात आली. बाबा वळले. वळायला त्यांना वेळ लागला. आधी खांदा, मग कंबर, मग पाय. रंग गेलेला, घामेजलेला, कुठल्याच पडद्यावर कधी न आलेला चेहरा.

"तू खरं बोलली होतीस," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

तिचा राग गेला नाही. एवढ्याने जाणारही नव्हता. तिने पर्समधून बटणकडून ओढून घेतलेला तो कोरा कागद काढला, बाईंच्या टेबलावर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"पाच ओळी," बटणने बाईंना आठवण करून दिली.