टेस्टिंगचं बूच

सिंक काठोकाठ भरल्यावर प्लंबरने तळाचं रबरी झाकण काढलं आणि शेजारच्या भिंतीला कान लावला. पाणी आधी मुकाट्याने गेलं. शेवटचं ओंजळभर उरलं तेव्हा पाइपातून गुडगुड सुरू झाली आणि मग एक लांब घरघर आली, कुणाच्या तरी घशात घास अडकल्यासारखी.

"हाच," दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

बाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. आधी तीन प्लंबर येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. एकाने पावडर ओतली, एकाने सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप, बदलला, तिसरा म्हणाला, जुन्या बिल्डिंगीत हे असंच असतं. आता पुढच्या आठवड्यात लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार होती, म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात पुन्हा विचारलं. दुकानदार म्हणाला, आवाजाचं दुखणं असेल तर डॉक्टरांनाच बोलवा.

डॉक्टर म्हणजे हाच. पाइपाला कान लावतो म्हणून हे नाव पडलं होतं आणि बावन्नाव्या वर्षी ते त्याला आवडायलाही लागलं होतं.

तुंबलेलं काहीच नव्हतं. पाणी झपाट्याने जात होतं. पाणी खाली धावताना पाइपाला मागून हवा लागते, त्याने बाईंना समजावलं. ती मिळाली नाही, तर पाइप सिंकखालच्या ट्रॅपमधलं पाणीच ओढून घेतो. आवाज होतो तो त्याचा. मग कोरड्या ट्रॅपमधून वास येतो. सकाळी वास येतो का, असं त्याने विचारलं. येतो, बाई म्हणाल्या.

हवेचा पाइप कुठे असेल, हे शोधायला त्याला वेळ लागला नाही. जिना चढतानाच त्याने बिल्डिंग ओळखली होती. सत्तावीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं त्याचं पहिलं काम इथलंच. चार मजले, एकावर एक चार स्वयंपाकघरं. चढताना त्याला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता.

त्याने सिंकखालची एक टाइल अलगद फोडली, मागचं सिमेंट खरवडलं आणि टॉर्च मारला. हवेच्या पाइपाच्या फाट्यात एक लाकडी बूच घट्ट बसलेलं होतं. बुचाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती.

तो तसाच वाकून राहिला. पाइपात पाणी भरून गळती तपासताना पाइपाची तोंडं बंद करायला सगळे जण तयार टोप्या लावायचे. ट्यूबची पट्टी गुंडाळलेलं बूच ही त्याची एकट्याची तऱ्हा होती. मुकादम त्यावरून त्याची टिंगल करायचा. तपासणी झाली त्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःच्या लग्नासाठी आठ दिवसांच्या सुट्टीवर गेला होता. परत आला तर टाइल्स बसलेल्या. बुचं कुणीतरी काढलीच असतील, असं त्याने धरून चालायचं ठरवलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

"काय निघालं?" बाईंनी विचारलं.

कचरा म्हटलं असतं तरी चाललं असतं. बूच पक्कडीने ओढून काढल्यावर त्याने ते त्यांच्यासमोर धरलं.

"हे मीच लावलं होतं, ताई. बिल्डिंग बांधली तेव्हा. काढायचं राहिलं."

बाईंनी बूच हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग त्या स्टुलावर बसल्या आणि तपशील सांगावा तसं सांगत गेल्या. भिंतीपलीकडच्या खोलीत त्यांचे सासरे सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. हा आवाज आला की झोपेतून दचकून उठायचे, कुणीतरी गुदमरतंय म्हणायचे, मग तासभर त्यांना धरून बसावं लागायचं. म्हणून बाईंनी सिंक वापरणंच सोडलं. सहा वर्षं दोन्ही वेळची भांडी बाथरूममध्ये नेऊन, खाली बसून घासली. गुडघे त्यातच गेले. सासरे जाऊन आता वर्ष झालं होतं.

चुकलं, असं तो म्हणाला, पण इतक्या हळू, की त्यालाच ते पुरेसं वाटलं नाही.

"एवढंच होतं?" बाई बुचाकडे बघत म्हणाल्या. "पुन्हा पाणी सोडा बघू."

त्याने सिंक भरलं. बाई सासऱ्यांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्याने झाकण उचललं. पाणी सरसर गेलं, शेवटचा थेंबही गेला. तो वाट बघत राहिला.

"सोडा ना," आतून बाई म्हणाल्या.

"गेलं, ताई. सगळं गेलं."

दार उघडायला बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं दिसत होतं. फोडलेली टाइल कधी बसवणार, एवढंच त्यांनी विचारलं. उद्याच, तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने हे सगळं बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे माझ्या लग्नापायी राहिलं म्हणायचं," ती म्हणाली. तो हसला नाही, तेव्हा तिने हातातली घडी खाली ठेवली.

"अजून तीन आहेत," तो म्हणाला. "वरखाली."

बाकीच्यांनी कुठे तक्रार केलीय, असं ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तुम्हाला कोण विचारायला येणार आहे? शिवाय गावभर नाव खराब होईल, ते वेगळंच. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चार टाइल्स कुठे मिळतील याचा विचार करत जेवला.

सकाळी त्याने आधी बाईंची टाइल बसवली. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो एक मजला वर गेला आणि बेल दाबली. हातात टॉवेल घेतलेल्या एका तरुण माणसाने दार अर्धंच उघडलं. आम्ही कुणाला बोलावलेलं नाही, तो म्हणाला.

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाला. त्याने चपला दाराबाहेर काढून ठेवल्या. "तुमच्या सिंकमधून आवाज येतो का?"