तूरेची चार बोटं

हे मी लिहिणारच नव्हतो. तूरे जवळचा, आणि त्याला अजून लागून राहिलंय. पण सगळं गाव तिखटमीठ लावून सांगत सुटलंय, त्यापेक्षा झालं तसं सांगतो.

तूरेने जिगरी दोस्ताच्या, वेइक्काच्या लग्नात पहिला वॉल्ट्झ, म्हणजे नवरानवरीच्या पहिल्या नाचाची धून, वाजवायचं कबूल केलं. त्याच्या भरवशावर वेइक्काने बँड सांगितलाच नाही. गिटार हातात धरून तूरेला जेमतेम तीन महिने. पोलादी तारांनी बोटं सोलली, फोड आले, फुटले. कुणी म्हणालं व्हिनेगर लाव, कुणी म्हणालं स्पिरिट. पठ्ठ्याने दोन्ही लावलं आणि तळ्याच्या पलीकडे ऐकू जाईल असा बोंबलला. शेवटी डाव्या हाताला घट्टे पडले. मग काय विचारता! येईल-जाईल त्याला टेबलावर टकटक वाजवून दाखवायचा. पाण्याने घट्टे मऊ पडतात म्हणून भांडी घासणार नाही, असंही आईला सांगून टाकलं.

वेइक्काची बहीण केर्तू म्हणायची, "लोक नवरीची अंगठी बघतात, आम्ही तुझी कातडी बघायची!"

लग्नाच्या दिवशी दुपारी नवरदेवाचा सॉना, म्हणजे दोस्तांसोबत वाफेची आंघोळ. भांडी टाळणारा हा बहाद्दर सगळ्यांत वरच्या फळीवर दोन तास वाफ घेत बसला. मधूनमधून तळ्यात बुड्या. सॉना म्हणजे पाणी, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यात कुणाच्याच येत नाही.

संध्याकाळी नवरानवरी मधोमध उभे. तूरेने तार दाबली, बोट सरकवलं, आणि भिजवलेल्या बदामासारखं घट्ट्यांचं एकेक साल सुटलं. पाचव्या ओळीला खालचं लालभडक मांस तारेवर आलं. तूरे "आई गं" म्हणाला आणि गिटार थांबली.

नव्वद माणसं बघत राहिली. आमच्याकडे कुणी हसत नाही, नुसतं बघतात. ते जास्त लागतं.

वेइक्काने नवरीचा हात सोडला नाही. मोठ्याने मोजायला लागला, "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन," आणि अख्खा वॉल्ट्झ तसाच नाचला.

नंतर तूरे बाहेर, बोटं काखेत दाबून उभा. वेइक्का आला.

"गाढवा, सॉनात हात बाहेर काढून बसायचं की!"

"वेइक्का, लेका, तुझं लग्न नासवलं मी."

"नासलं नाही. पण मोजून मोजून घसा बसला माझा."

"पुढच्या वर्षी ह्याच तारखेला येतो," तूरे म्हणाला. "अख्खा वाजवतो. आणि शब्द देतो, आधी आठवडाभर आंघोळ करणार नाही."