मोठ्या सरांचा हर्निया

"खोका, सर."

मोठे सर खोकले. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना खोकायला लावलं होतं. आज स्वतः तपासणीच्या टेबलावर, लेंग्याची नाडी सोडून, छताकडे बघत खोकत होते. उजव्या जांघेवर बोटं ठेवून तपासणाऱ्या सर्जन मॅडमनी मान डोलावली.

"चांगलाच मोठा झालाय. दोन वर्षं अंगावर काढलात की हो!"

"वेळ कुठे होता?" सर गुरगुरले.

आता वेळच वेळ होता. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. सर्जरी शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांचा विभाग त्यांनी बावीस वर्षं सांभाळला होता, आणि त्याच्या नव्या प्रमुखाचं नाव शुक्रवारपर्यंत संचालकांना कळवायचं होतं. निवड सरांवरच सोडलेली. नावं दोनच: एक या मॅडम, दुसरे तुफान सर. हातांच्या वेगामुळे पोरांनीच त्यांना तुफान करून टाकलं होतं. दोघंही सरांचेच विद्यार्थी, तेव्हा सरांनी मनाशी एक सोपी कसोटी ठरवली. ज्याच्यापुढे आपण बिनघोर आडवे होऊ शकू, विभाग त्याचा.

तुफान सर सकाळीच तपासून म्हणाले होते, "पस्तीस मिनिटं, सर. कळणारसुद्धा नाही." ते उत्तर सरांना फार आवडलं होतं.

"तुम्हाला किती वेळ लागेल?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"मला?" मॅडमनी दार उघडून हाक मारली, "चिमणी, आत ये गं."

तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आत आली. उंची इतकी बेताची, की ऑपरेशनला तिच्या पायाखाली स्टूल लागे. टेबलावर कोण आहे हे पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सरांना तपास. शुक्रवारी ऑपरेशन तू करायचंस. मी समोर असेन."

सर नाडी धरून ताडकन उठून बसले.

"ही? माझ्यावर?"

"हिचे चौदा हर्निया झालेत. तुमचा पंधरावा."

"अहो, पण मी काय पोराटोरांनी हात साफ करायला..."

पुढचं त्यांनी गिळलं. चिमणी मान खाली घालून उभी होती.

"ते चौदा जणही आपापल्या घरी मोठे सरच आहेत," मॅडम म्हणाल्या. "मला विभागाची जबाबदारी हवीय सर, खोटं कशाला बोलू? पण तुमच्यासाठी एक पद्धत आणि त्यांच्यासाठी दुसरी, हे मला जमायचं नाही. तुफानकडून करून घ्या. तो उत्तमच करेल."

संध्याकाळी सर घरभर धुसफुसत फिरत होते. बायको पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माझ्या तोंडावर सांगते, पोरगी करेल म्हणून! माझ्या!"

"तुम्ही पेशंटच्या घरच्यांना काय सांगायचात?"

"काय?"

"'निवासी डॉक्टर करतील, पण काळजी करू नका, मी समोर उभा आहे.' शंभरदा ऐकलंय मी फोनवर." टॉवेलची घडी घालता घालता तिला हसू फुटलं. "राहायचात का हो खरंच नुसते उभे?"

नुसतं उभं राहणं सरांना आयुष्यात जमलं नव्हतं. पोराचा हात जरा अडखळला, की "दे इकडे!" म्हणून ते चिमटा हातातून काढून घेत आणि काम उरकून टाकत. पोरं त्यांच्या खांद्यावरून डोकावून शिकली. तुफान तर हुबेहूब त्यांच्यासारखा झाला होता, अगदी "दे इकडे"सकट. याचं त्यांना आजवर केवढं कौतुक वाटायचं!

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी मॅडमना फोन केला.

"शुक्रवारी आठ वाजता. आणि त्या चिमणीला म्हणावं, पोटभर खाऊन ये."

शुक्रवारी कमरेखालचं अंग बधिर झालं आणि छातीपाशी हिरवा पडदा आला. उशाशी भूलतज्ज्ञ, सरांचे जुने दोस्त. पडद्यापलीकडचं सरांना दिसायला नको होतं. पण वरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत हातांच्या दोन जोड्या दिसत होत्या. लहान हात काम करत होते. दुसरे, मॅडमचे, जखमेच्या कडा धरून स्वस्थ होते.

बराच वेळ सगळं नीट चाललं. मग लहान हात थांबले. पुढे सरकले, पुन्हा थांबले. मॅडमचा उजवा हात वर उचलला गेला.

"दे इकडे," सरांचे ओठ हलले.

हात जागीच थबकला आणि पुन्हा खाली टेकला.

"काय अडलंय, मोठ्याने सांग," मॅडम म्हणाल्या.

"नस दिसत नाहीये, मॅडम."

"मग?"

"मग... ती सापडेपर्यंत काही कापायचं नाही."

"बरोबर. शोध सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. दोन. ऑपरेशन टेबलाशी त्यांनी कुणाला इतका वेळ कधी दिला नव्हता. चौथं मिनिट संपता संपता पडद्यापलीकडून ओरडणं ऐकू आलं, "सापडली!" आणि लगेच दबक्या आवाजात, "सॉरी, सर."

"शाब्बास!" सर गरजले. त्यांना इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

"पेशंटने गडबड करायची नाही," मॅडम म्हणाल्या. सगळे हसले.

सरांनी भूलतज्ज्ञांना खुणेने खाली वाकवलं.

"संचालकांना फोन लाव. माझ्या कानाशी धर."

"आत्ता? झाल्यावर लावू की, अरे!"

"झाल्यावर नाव काय, कुणीही सांगेल. तू आत्ताच लाव."

फोन लागला. सरांनी मॅडमचं पूर्ण नाव सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं आणि पलीकडून ते परत म्हणवून घेतलं. पलीकडून आणखी काहीतरी विचारणा झाली.

"ऑपरेशन ना? नाही, संपलं कुठे! मी उघडाच आहे अजून."

दिव्याच्या कडेत लहान हात थबकलेले दिसत होते.

"चिमणी, तू थांबू नकोस," मॅडम म्हणाल्या.

लहान हात पुन्हा चालू लागले. ते काही वेळ पाहून सरांनी डोळे मिटले, आणि दोन-तीन टाके पडेपर्यंत पडद्याच्या अलीकडून चक्क घोरणं ऐकू येऊ लागलं.