काळोखाच्या राजाचं माप

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी शिंप्याने कादंबरी लिहायला घेतली. घरात दोन तान्ही बाळं टाहो फोडत असताना आणखी कुणाला जन्म द्यायची काही गरज नव्हती, असं बायकोचं म्हणणं पडलं. पण साठी उलटल्यावर तो अक्षरं शिकला होता आणि तीन वर्षांत दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, रद्दीतली वर्तमानपत्रं असं सगळं वाचून झालं होतं. आता लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

विषयही साधासुधा निवडला नाही. काळोखाचं राज्य. तिथला राजा माणसांच्या सावल्या ओरबाडून नेतो, आणि नदीवर दिवा लावून बसलेला एक म्हातारा नावाडी तेवढा त्याला आडवा येतो.

पात्रं कशी उभी करतात हे शिंप्याला कुणी सांगितलं नव्हतं. माणूस ओळखायची त्याला एकच रीत ठाऊक. त्याने मापाची नवी वही काढली आणि प्रत्येकाला एकेक पान दिलं. चेटकीण, खांदा चौदा, डावा जरा उतरता. सेनापती, छाती शेहेचाळीस, पोट त्याच्याही पुढे. वीस पानं भरल्यावर स्वतःला लेखक म्हणायला हरकत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

वही पहिल्यांदा वाचली ती मेहुण्याने. हा बायकोचा धाकटा भाऊ तीस वर्षं शिंप्याच्याच दुकानात कापड बेतायचा, आणि कातरीपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. आता आजारपणामुळे तो घरीच खिडकीपाशी पडून असे.

"दाजी, सेनापतीची छाती शेहेचाळीस. बरं. पण त्याला हवंय काय?"

"लांब कोट," शिंपी म्हणाला.

"आणि राजाचं पान कोरं का?"

"त्याला अंगच नाही. नुसता काळोख. टेप लावू कुठे?"

मेहुणा हसता हसता खोकायला लागला. "म्हणजे मुख्य गिऱ्हाईक आलंच नाही, आणि तुम्ही वऱ्हाडाचे कपडे बेतून मोकळे!"

शिंप्याला ते चांगलंच झोंबलं. वहीत एकटा नावाडीच काय तो बरा उतरला होता, कारण तो मेहुण्यावरून घेतला होता. मग त्याचंच माप पक्कं करू, म्हणून शिंपी दर पंधरवड्याला टेप घेऊन जाऊ लागला. कंबर आधी छत्तीस होती. मग चौतीस. मग एकतीस. तिसऱ्या खेपेला तो घरी आला, वही उघडून बराच वेळ बसला, आणि राजाच्या कोऱ्या पानावर त्याने लिहिलं, 'आतापर्यंत पाच इंच.'

त्या दिवसापासून राजा चालू लागला. रोज नदीवर यायचा, नावाड्याच्या सावलीतला थोडा तुकडा न्यायचा. गोष्ट शेवटाजवळ आली, आणि तिथेच आपल्या लेखकाची पाचावर धारण बसली. नावाडी मेल्याशिवाय राजा खरा ठरत नव्हता, आणि नावाड्याला मारायला हात धजत नव्हता. त्याने तीन शेवट लिहिले. तिन्हींत नावाडी ठणठणीत.

"राजाला पडसं झालं?" मेहुण्याने विचारलं. "काळोखाला?"

"नदीवर गारठा होता."

"दाजी, उसवा हे. मला खरा शेवट ऐकून जायचंय."

"तू कुठे निघालास?"

"आता नाटकं करू नका. टेप तुमच्याच हातात होती ना?"

शिंप्याने वही काखेत मारली. घरी येऊन तो मशीनपुढे बसला आणि दोन दिवसांत त्याने नावाड्याला मारलं. मारताना त्याच्या तोंडी दीड पानाचं भाषण घातलं. ते लिहिताना स्वतःच इतका रडला, की बायकोला वाटलं बोटात सुई गेली.

मेहुण्याने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"मरताना एवढं बोलतो होय? मला पाणी मागताना धाप लागते. कापा."

दोघांनी मिळून कापलं. सकाळभर कापलं. दीड पानाच्या दोन ओळी उरल्या. नावाडी दिवा शेजारच्या माणसाच्या हातात देतो आणि 'वारा आहे, जपून' एवढंच म्हणतो.

"आता बसलं अंगाला," मेहुणा म्हणाला. मग एक डोळा उघडून, "पण तो तुमचा सेनापती अजून फुकटच उभा आहे, दाजी."

"त्याला उद्या काढून टाकतो."

"काढाच."

मेहुणा त्याच वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता वारला. त्याला एकोणसाठावं चालू होतं.