नऊ प्रश्नांचा कागद

आमच्या मानसोपचार केंद्रात दर महिन्याला प्रत्येक पेशंट नऊ प्रश्नांचा कागद भरतो. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का. उत्तर शून्य ते तीन. बेरीज जितकी कमी, तितका माणूस बरा. त्या बेरजा मी संगणकात भरून वर पाठवते आणि त्यावरून आमचा पुढच्या वर्षाचा निधी ठरतो. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला समोर बसवून हेच नऊ प्रश्न विचारायची माझी फार इच्छा आहे.

यंदा बेरजा उतरत नव्हत्या. "असंच राहिलं तर एक समुपदेशक कमी करावी लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि तुझी जागाही राहील असं वाटत नाही." मी घरी येऊन जेवताना हे सगळं ओकले. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हा जुना रोग आहे.

समोर दादा बसला होता. माझा थोरला भाऊ, आणि आमच्याच केंद्राचा पेशंट. तो कामाला होता तो छापखाना बंद पडला तेव्हापासून तो घराबाहेर पडेना. फक्त गुरुवारी दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि समुपदेशकबाईंकडे पाऊण तास बसून यायचा. माझं ऐकत तो पोळीचे तुकडे करत राहिला.

त्या महिन्यात त्याची बेरीज एकोणिसावरून चारवर आली. पुढच्या महिन्यात तीन. आनंदाने मला रडू आलं. लागोपाठ दोनदा पाचच्या खाली आकडा आला की संगणक फाइल आपोआप बंद करतो आणि ती वेळ यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. दादाची फाइल बंद झाली त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

समुपदेशकबाईंनी कागदाला एक चिठ्ठी टाचली होती: 'आकडे आणि माणूस जुळत नाहीत. सोडू नये.' मी ती वाचली होती. पण संगणकात शेऱ्याला रकानाच नाही. मी ती फाइलीत लावली आणि पुढचा कागद घेतला.

तीन आठवड्यांनी त्याची खोली झाडताना पलंगाखाली वर्तमानपत्राच्या पुड्या सापडल्या. आत माझ्या हातच्या पोळ्या होत्या, कडक झालेल्या. मोजायची हिंमत झाली नाही.

"दादा, हे काय?"

"जात नाही गं." मग त्याने विचारलं, "तुझं काम झालं ना, चिमे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंपुढे उभी राहिले. फाइल पुन्हा उघडायला नवा कागद लागतो, आणि त्याची बेरीज दहाच्या वर हवी. त्या चष्मा पुसत राहिल्या. "निधीचं पत्र यायला पंधरा दिवस आहेत. आत्ता एकोणीसचा आकडा गेला तर वर प्रश्न विचारतील. तेवढं थांब."

"त्याच्या पोटात अन्न जात नाहीये, बाई."

"मला कळतं गं. पण समुपदेशकाची जागा गेली तर बाकीच्यांनी जायचं कुठे?"

त्या खोटं बोलत नव्हत्या, म्हणून जास्त चीड आली. मी कोरा कागद उचलला आणि भर दुपारी घरी आले.

लहानपणी माझी गणितं दादाच सोडवायचा. आधी पुस्तकाच्या शेवटी उत्तर बघायचा, मग उलट येत येत पायऱ्या मांडायचा. शाळेतल्या बाईंना कधी कळलं नाही, आणि मला कधी गणित आलं नाही.

मी कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला, पेन्सिलीचं टोक बोटाने तपासलं.

"किती यायला हवेत?" त्याने विचारलं.

"दादा, या वेळी खरं लिही. मला काहीही नको आहे. फक्त खरं."

तो पहिल्या प्रश्नाकडे बराच वेळ बघत बसला. मग त्याने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथे काहीच नव्हतं.