कुंकू लावलेला रिपोर्ट

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. निळ्या प्लॅस्टिकची, बटणाची. ते बटण आता दोनदा दाबावं लागतं आणि माझा एक कोपरा मांजराने कुरतडला आहे. पण माझ्या पोटातला एकही कागद आजवर हरवला नाही, हे मी अभिमानाने सांगते.

मोनिकाने मला संगमनेरला विकत घेतलं, तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी. तिची गुणपत्रिका, शाळेचे दाखले, कबड्डीची प्रमाणपत्रं, सगळं माझ्या स्वाधीन झालं. घरी येणारा प्रत्येकजण गुणपत्रिका मागून बघायचा आणि आकडा मोठा म्हणून तिच्या पाठीवर थाप मारायचा. तेव्हा माझी समजूत झाली, की कागदावरचा आकडा जितका मोठा तितकं चांगलं.

पुढे मोनिका नोकरीसाठी पुण्याला गेली आणि मी कपाटावर धूळ खात पडले. दोन वर्षांपूर्वी मला खाली काढलं ते तिच्या वडिलांसाठी. सहादेव गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायचं काम करतात. त्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं, मग सहा महिने केमो. माझं पोट रिपोर्टांनी फुगत गेलं.

केमो संपल्यावर दर तीन महिन्यांनी रक्ताची एक तपासणी सुरू झाली. तिचं नाव सीईए. ग्रेस मॅडम, म्हणजे त्यांच्या डॉक्टर, समजावून सांगत तेव्हा मी टेबलावरच असायचे. या आजारात रक्तातलं एक प्रथिन बऱ्याचदा वाढतं. ऑपरेशननंतर ते खाली यावं आणि खालीच राहावं. पुन्हा चढू लागलं, तर आजार कुठे डोकं वर काढतोय का, हे शोधावं लागतं. म्हणजे इथे आकडा लहान तेवढा बरा! माझ्या जन्माची समजूतच उलटी झाली. ऑपरेशनआधी अठरा होता, तो तीनवर आला, मग २.८, मग २.९. पाचाच्या आत म्हणजे ठीक, असं मॅडम म्हणाल्या.

सहादेवची बायको बनुबाई मात्र आत कधी आली नाही. ती बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायची. सहादेव बाहेर येऊन "बरं हाय" एवढंच सांगायचे.

गेल्या खेपेला केंद्रावर बदली माणूस मिळेना. नाशिकला जायचं तर दोन्ही वेळचं दूध अडकणार. म्हणून सहादेवनी संगमनेरच्याच एका लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. ५.९. ते कितीतरी वेळ स्टँडवर उभे होते. एक एसटी गेली, दुसरीही गेली. घरी आल्यावर त्यांनी तो कागद माझ्या मागच्या कप्प्यात खोल सरकवला. मॅडमना फोन करायचा, तो केलाच नाही. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

चार दिवसांनी बनुबाईने कपाट आवरताना मला उघडलं. तिला अक्षरं जेमतेम लागतात, आकडे मात्र चोख. दुधाच्या पावतीवरचा फॅट ती रोज वाचते; तीन आला तर तोंड पाडते आणि साडेचार आला की गाईच्या पाठीवरून हात फिरवते. तिने जुना रिपोर्ट बघितला, २.९. मागच्या कप्प्यात हात घातला, तर नवा सापडला, ५.९. तिचा चेहरा असा उजळला, की मला रडू यावं. नवऱ्याच्या रक्ताला आता कस आला, असं तिला वाटलं. तिने त्या आकड्याला हळद-कुंकू लावलं आणि आळीत घरोघरी साखर वाटली.

सहादेव केंद्रावरून परतले तर दारात बायका बसलेल्या. बनुबाईने त्यांच्याही हातावर साखर ठेवली. त्यांनी ती खाल्ली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. सहादेवची सुटलेली विडी पुन्हा सुरू झाली. ते जेवायचे अर्धं आणि पोटाला सारखा हात लावून बघायचे. बनुबाई मात्र कामं करताना गुणगुणायची. सगळ्या घरात तो कागद फक्त सहादेवना आणि मला टोचत होता.

तीन आठवड्यांनी मोनिका आली. आईने हौसेने मला तिच्यापुढे उघडलं. मोनिकाने वाचलं आणि जुने रिपोर्ट काढून एकेक आकडा पडताळला. सहादेव दारातून हातानेच नको, नको म्हणत होते. पण पोरीने सगळं सांगून टाकलं.

बनुबाई पदराने कागदावरचं कुंकू पुसायला गेली, पण डाग नुसता पसरला. मग म्हणाली, "मी आळीभर साखर वाटली. अन् तुमी बघत बसला व्हय?"

"लई दिसांनी हसली हुतीस," सहादेव म्हणाले. "मला मोडवंना."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तिघं नाशिकला गेली. या वेळी बनुबाई आत आली. ग्रेस मॅडमनी कुंकवाचा डाग बघितला, पण हसल्या नाहीत. त्यांनी आधी विचारलं, की रक्त कुठे दिलं, आणि मग विडीचं विचारलं. विडीनेही हा आकडा चढू शकतो, तेव्हा पुन्हा धरलेली विडी आजच सोडा, असं त्या म्हणाल्या. "काका, लॅब बदलली की मशीन बदलतं आणि मशीन बदललं की आकडाही बदलू शकतो. एका आकड्यावरून काही ठरत नाही. पण तो लपवायचाही नसतो."

सहादेवनी कपाळावर हात मारला. केंद्रावरचं मशीन आणि डेअरीचं मशीन एकच फॅट कधी दाखवत नाही, हे त्यांनी वीस वर्षं गावाला समजावलं होतं. स्वतःच्या रक्ताच्या वेळी नेमकं तेच विसरले.

नेहमीच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं, सीटी स्कॅनही झालं. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस बनुबाईने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. तिच्या तळव्यांचा घाम माझ्या प्लॅस्टिकवर अजून दिसतो. मग आकडा आला, ३.२. स्कॅन स्वच्छ निघालं. बनुबाईने मॅडमना दोनदा विचारलं, "कमीच चांगला ना?"

मित्रांनो, भीती संपलेली नाही. पुढची तारीख जवळ आली आहे आणि सहादेवचा हात पुन्हा सारखा पोटाकडे जातो. त्यांना मी दोष देत नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी फाईल असेल, तर तिच्या पोटात भीती कोंबू नका. कागद तारखेप्रमाणे लावा, ज्याला कळतं त्याला दाखवा आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसालाही आत घेऊन जा. मी कागद सांभाळते. माणसांना सांभाळणं माझ्या हातात नाही.

आमच्या घरापुरता बनुबाईने बंदोबस्त केला आहे. नाशिकहून आल्या दिवशी तिने दाभण घेतलं, पोती शिवायचा जाड दोरा ओवला आणि माझा मागचा कप्पा कायमचा शिवून टाकला.