प्रियाची स्ट्रीक

"प्रिया, तुझ्या हॉस्टेलच्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय?"

हा प्रश्न माझा नव्हताच. नीरजा आणि स्वरालीने मला तो विचारायला लावला. कोथरूडला क्लास सुटल्यावर आम्ही तिघी पार्किंगमध्ये कुणाच्या तरी ॲक्टिव्हाला टेकून उभ्या होतो आणि मी नेहमीसारखं प्रियापुराण लावलं होतं. प्रिया असं म्हणाली, प्रियाला तसं वाटतं. शेवटी नीरजा वैतागली.

"वल्ले, माझा मामेभाऊ लातूरलाच आहे क्लासला. त्यांचे फोन जमा करून घेतात. फक्त रविवारी देतात, तेही रांग लावून. तुझी प्रिया रोज दुपारी कुठून बोलते? स्वर्गातून?"

"सगळी हॉस्टेलं सारखी नसतात."

"मग विचार ना तिला," स्वराली म्हणाली. "खिडकीतून काय दिसतं. फोटोसकट. आहे हिंमत?"

हिंमत? मला विचारताय? या वर्षी गॅदरिंगचं सूत्रसंचालन कुणी केलं? सातवीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट मॅम' म्हणतानासुद्धा जिचा आवाज फाटायचा, ती मी! माइक हातात घेतला आणि मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प बसली. आणि ते प्रियामुळे. आदल्या दिवशी तिने लिहिलं होतं, 'समोर बसलेत ते सगळे आपलेच आहेत असं समज आणि बोल.' मी तसंच समजले आणि बोलले.

मी प्रश्न टाइप केला आणि पाठवून दिला.

प्रिया म्हणजे प्रियदर्शनी. आठवीच्या सुट्टीत एका ऑनलाइन विज्ञान शिबिरात ओळख झाली. ती माझ्याहून एक वर्ष पुढे. सगळ्यांचे कॅमेरे बंद असायचे आणि ही चॅटमध्ये सरांवर असले विनोद टाकायची की मी इकडे एकटीच खिदळायचे. घर खराडीला, मूळची यवतमाळची. एकाच शहराच्या दोन टोकांना राहून आम्ही कधी भेटलो नाही. कोथरूडवाल्यांना खराडी म्हणजे परदेशच. आणि खरं सांगू का, भेटावंसं वाटलंही नाही. समोरच्याशी बोलताना त्याचा चेहरा बघत बघत बोलावं लागतं. तो कंटाळला का, हसला का, सगळं सांभाळायचं. प्रियाच्या प्रोफाइलला नुसतं कार्टून होतं, म्हणून तिला काहीही सांगता यायचं. चेहरा मीच तिला देऊन टाकला होता. उंच, चष्मा, एका गालावर खळी.

स्नॅपचॅटवर आमची स्ट्रीक होती. दोघींनी रोज एकमेकींना एक तरी फोटो पाठवायचा. एक दिवस चुकला की नावापुढची आगीची खूण विझते, सगळं पहिल्यापासून. परीक्षेच्या वेळी आमच्यातल्या निम्म्या मुली पासवर्ड धाकट्या भावंडांना देऊन ठेवतात, पण स्ट्रीक तुटू देत नाहीत. प्रिया अकरावीला लातूरला गेली तेव्हा मला वाटलं, संपलं आता. पण रोज फोटो येत राहिला. पंख्याचा, चहाच्या कपाचा, पुस्तकाच्या कोपऱ्याचा.

उलट ती जास्त जवळची झाली. आधी ती फक्त हसवायची. आता विचारायची. जेवलीस का, झोप झाली का, आईशी भांडलीस का. घरापासून लांब गेली की मुलगी लवकर मोठी होते, असं मी माझं ठरवून टाकलं.

कारण मलाही जायचं होतं. म्हणजे आईबाबांना मला पाठवायचं होतं. दहावी झाली की लातूर, दोन वर्षं हॉस्टेल, मग मेडिकल. नुसत्या विचाराने रोज सकाळी माझ्या पोटात गोळा यायचा. हे मी फक्त प्रियाला सांगितलं होतं. ती म्हणाली, 'घाबरू नको. इथं छान आहे. रूममेट जीव लावतात. आम्ही एकमेकींच्या वेण्या घालून देतो. जेवण अगदी घरच्यासारखं.' मी ते तीनतीनदा वाचलं आणि बाबांना हो म्हणून टाकलं. सोमवारी सीट पक्की करायची होती.

तर, पार्किंग. स्क्रीनवर 'टायपिंग' दिसलं. मग गेलं. परत आलं. परत गेलं.

"खिडकीतल्या झाडाचा फोटो शोधतेय गं नेटवर," नीरजा खिदळली.

मग फोटो नाही, व्हॉइस नोट आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी ऐटीत स्पीकर लावला.

"बेटा, मी प्रियाची आई बोलून राहिली." एका बाईचा आवाज, घसा खाकरल्यासारखा. "रागावू नको. फोन इथंच आहे तिचा. घरी."

नीरजाचं हसू गेलं. स्वरालीने माझा दंड धरला. तो सोडवून मी गेटपर्यंत चालत गेले आणि कॉल लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ती गेली तेव्हापासून. जाताना म्हणाली, मम्मी, रोज एक फोटो टाकत जा, बाकी काही करू नको. मग तू विचारलंस, कशी आहेस. आता प्रश्नाचं उत्तर द्यावं लागते ना बेटा."

"पण ते रूममेट, वेण्या..."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"रविवारी ती फोन करते," त्या म्हणाल्या. "पप्पाला मार्क सांगते. मी विचारलं की म्हणते, बरी आहे. बस. तू रोज विचारायचीस. तर तिनं जे सांगावं असं मला वाटे, ते मी तुला लिहायची. लिहून झालं की मलाही खरं वाटे."

मला एकदम कपडे काढून रस्त्यावर उभं केल्यासारखं झालं. पोटातला गोळा, आईबद्दल रागाने लिहिलेलं, वर्गातल्या आमोदबद्दल लिहिलेलं, सगळं कुणाच्या तरी आईने वाचलं होतं. आणि 'समोरचे सगळे आपलेच' हेही त्यांनीच लिहिलं होतं. मग माझी मैत्रीण कोण होती? जी विनोद करायची तिने मला केव्हाच सोडलं होतं, आणि मला कळलंसुद्धा नव्हतं.

"काकू, तिथे खरंच छान आहे का?"

"मला माहीत नाही बेटा."

मग त्यांनी हळूच विचारलं, "उद्या फोटो पाठवू ना?"

मी फोन ठेवला.

घरी बाबा सोफ्यावर ते क्लासचं चकचकीत माहितीपत्रक घेऊन बसले होते. आई मटार सोलत होती. मी चप्पल काढेपर्यंतच बाबा म्हणाले, "यावं. सोमवारी सीट कन्फर्म करतोय. आपला विचार मधेच बदलला नाही ना? नाही, विचारून ठेवलेलं बरं."

"कशाला बदलेल?" आई म्हणाली. "ती प्रिया आहे ना तिथे. किती खूश आहे ती."

"ती खूश आहे की नाही, कुणालाच माहीत नाही आई. तिच्या आईलासुद्धा नाही."

आईचा हात थांबला. "म्हणजे काय? तूच तर सांगतेस रोज."

"ते तिची आई लिहीत होती. आणि मला रोज सकाळी भीतीने पोटात गोळा येतो, हे मी तुम्हाला सोडून त्यांना सांगत बसले."

बाबांनी माहितीपत्रक बाजूला ठेवलं. माझा आवाज फाटला, अगदी सातवीतल्यासारखा, पण मी थांबले नाही.

"मी लातूरला जाणार नाही बाबा. अकरावी इथेच करणार. सोमवारी फोन करून त्यांना तसं सांगा."